मित्रांना स्वतःच्या बोटीतून नेताय? जबाबदारी आणि इन्शुरन्सचं आधी बघून घ्या (नवख्यांसाठी)

बोट घेतली की पहिल्या महिन्यातच मित्रांचे फोन सुरू होतात, कधी नेतोयस म्हणून, आणि आपल्यालाही न्यायचंच असतं, त्यासाठीच तर घेतली. मीही नेलं. तिसऱ्या का चौथ्या फेरीला परत येताना धक्का दोनेक फुटांवर आला आणि एका मित्राने मदत करायची म्हणून हातात दोर घेऊन उडी मारली. मी त्याला उडी मार म्हटलं नव्हतं, पण मारू नकोस असंही आधी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या पायाच्या रेट्याने बोट मागे सरकली, डावा पाय धक्क्याच्या कडेवर तिरका पडला आणि घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, अडीच महिने बिचारा घरी. पाणी शांत होतं, वारा नव्हता, कोणी प्यायलेलं नव्हतं, बोट जवळजवळ थांबलेलीच होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण बोटीचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वादळ नाहीतर बुडणं येतं आणि माणूस साधं चढता-उतरतानाही जायबंदी होतो.

त्या दिवशी मला ज्या गोष्टी माहीत असायला हव्या होत्या त्या खाली क्रमाने लिहितोय. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे त्यामुळे तुमच्या भागातल्या बंदर खात्याचे नियम बघावेच लागतील, पण मूळ गोष्टी सगळीकडे सारख्याच.

पहिलं काम: बोटीवर तांडेल कोण ते निघायच्या आधी ठरवा

चार मित्र, चौघांनाही थोडंफार चालवता येतं, आळीपाळीने सुकाणू धरलं, आणि काही झालं की प्रश्न येतो की त्या वेळी बोट कोणाच्या ताब्यात होती. म्हणून धक्क्यावरच मोठ्याने सांगायचं, आज तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मी, माझं ऐकायचं. यात मोठेपणा मिरवायचा भाग नाही, कायदा नेमकं हेच शोधत येतो.

नवख्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "मी काही पैसे घेत नाही, फुकट नेतोय, मग माझ्यावर कसली जबाबदारी". तसं नसतं. पाहुण्याला बोटीवर घेतलं की त्याची वाजवी काळजी घेणं तुमच्याकडे आलं, तिकीट असो वा नसो. वाजवी म्हणजे काय, तर त्या जागी एखाद्या समजूतदार, अनुभवी बोटवाल्याने जे केलं असतं ते. ओला डेक पुसला का, सैल झालेला कठडा माहीत असून तसाच ठेवला का, मोठी लाट येतेय हे दिसत असून ओरडून सांगितलं का, असल्या साध्या प्रश्नांवर केस उभी राहते. पाहुण्याचीही चूक असेल तर बऱ्याच ठिकाणी भरपाई त्या प्रमाणात कमी होते, पण तुमचा वाटा त्याने पुसला जात नाही.

मित्राच्या हातात सुकाणू दिलं तर जबाबदारी त्याच्याकडे जाते का? त्याच्याकडे जाते, पण तुमची संपत नाही, कारण ज्याला येत नाही त्याच्या हातात बोट का दिली हा प्रश्न तुम्हालाच विचारणार. बोट उसनी दिली आणि तुम्ही घरी बसलात तरी हाच प्रश्न.

आणि टक्कर झाली तर समुद्रावर सगळ्यात आधी बघतात ते १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांना बोटवाले नुसतं कोलरेग म्हणतात. त्यातला नियम ५ म्हणजे सतत डोळे-कान उघडे ठेवून पाळत ठेवणं आणि नियम ६ म्हणजे सुरक्षित वेग. हे नियम मालवाहू जहाजाला जसे लागू तसेच तुमच्या अठरा फुटी बोटीलाही, हौशी बोट म्हणून सूट नाही. मित्रांबरोबर गप्पा मारताना नेमका नियम ५ मोडतो, कारण तोंड मागे आणि बोट पुढे. मी आता चालवताना गप्पांना उत्तर देतो पण मान वळवत नाही, मित्रांना ते विचित्र वाटतं, वाटू दे.

धक्क्यावर अजून एक वाक्य हमखास ऐकू येतं, की मालकाची जबाबदारी बोटीच्या किमतीपुरतीच असते. हे आलंय अमेरिकेच्या १८५१ च्या कायद्यातून. त्यात मालकाला अपघातानंतर बोटीची जी किंमत उरली तेवढ्यापुरती जबाबदारी मर्यादित करून मागता येते खरी, पण ज्या चुकीमुळे अपघात झाला ती मालकाला ठाऊक असली किंवा त्याचा स्वतःचाच त्यात हात असला तर ती सवलत जाते, आणि आपल्यासारख्यांच्या बोटीवर मालक स्वतःच चालवत असतो, मग ठाऊक नव्हतं कसं म्हणणार. इतर बऱ्याच देशांत १९७६ चा लंडन करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल चालतो. तिथे मर्यादा मोडणं अवघड आहे, पण ती मर्यादाच केवढी बघा: २,००० टनांपर्यंतच्या जहाजासाठी मृत्यू आणि दुखापतीचे दावे ३०.२ लाख एसडीआर, म्हणजे आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) हिशोबाच्या एककात, २०१५ पासून. ३०० टनांखालच्या बोटींना देश आपापली वेगळी मर्यादा ठरवू शकतात, तरी कमी झालेला आकडाही पगारदार माणसाच्या आवाक्यातला नसतो. त्यामुळे या वाक्यावर विसंबून इन्शुरन्स टाळू नका.

दुसरं काम: पैशाची रेघ कुठे आहे ते समजून घ्या

या भागात मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण चांगली चांगली माणसं इथे अडकतात, मनात काही खोट नसताना.

खाजगी बोटीची पॉलिसी ही फक्त खाजगी, हौसेच्या वापरासाठी असते. पैसे घेऊन माणसं नेली की ती प्रवासी वाहतूक झाली, तिला वेगळं लायसन्स, वेगळी तपासणी, वेगळी पॉलिसी. मग मित्रांनी डिझेलचे पैसे दिले तर काय? बहुतेक ठिकाणी खर्च वाटून घेणं चालतं. अमेरिकेच्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की त्या फेरीचा प्रत्यक्ष खर्च स्वखुशीने वाटून घेणं, किंवा इंधन, खाणंपिणं, सामान आणणं, याला मोबदला धरत नाहीत. ब्रिटनमध्ये खाजगी बोटीच्या व्याख्येतच आहे की मालकाने त्या फेरीत झालेल्या थेट खर्चातल्या वाट्यापलीकडे पैसे घेता कामा नयेत.

आता यातले शब्द नीट बघा. "त्या फेरीचा", "प्रत्यक्ष", "स्वखुशीने". म्हणजे इंधन चाललं. पण वर्षाचं मरीनाचं, म्हणजे बोट ठेवायच्या धक्क्याचं, भाडं, इंजिनाची सर्व्हिसिंग, बोटीच्या कर्जाचा हप्ता हे सगळं माणशी भागून मित्रांकडून घेतलं तर तो त्या फेरीचा खर्च राहिला नाही. पैसे दिल्याशिवाय बोटीत घेणार नाही असं म्हटलं तर स्वखुशी राहिली नाही. आणि वसुली खर्चापेक्षा जास्त झाली, अगदी थोडी, तर तो नफा.

शिवाय मोबदला म्हणजे रोख पैसाच असं नाही. तू माझं घर रंगवून दे, मी तुझ्या ऑफिसच्या पाहुण्यांना फिरवतो, हाही व्यवहारच. मित्राने आपले ग्राहक आणले आणि त्याच्या कंपनीने तुम्हाला "भेट" दिली, तर तो खाजगी वापर राहतो का हे पॉलिसी देणाऱ्याला आधी विचारल्याशिवाय होय म्हणू नका. अमेरिकेत पैसे देणारा एक जरी पाहुणा असला तरी चालवणाऱ्याकडे कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं, तपासणी न झालेल्या लहान बोटीवर असे पाहुणे सहापर्यंतच, आणि हा नियम माहीत नव्हता हे उत्तर कोणी ऐकत नाही.

क्लेमच्या वेळी हे सगळं बाहेर कसं येतं? ग्रुपवरच्या मेसेजमधून. "रविवारची फेरी, माणशी एवढे आधी जमा करा" हा एक मेसेज पुरतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की आधी कुणाकडून काही घ्यायचंच नाही, परत आल्यावर इंधनाची पावती सगळ्यांना दाखवायची, मला धरून सगळ्यांत भागायचं, स्वतःचा वाटा कधी वगळायचा नाही, आणि कोणी नाही दिला तर विषय सोडून द्यायचा. पावतीचा फोटो ग्रुपवर टाकून ठेवतो. ही सवय लावून घ्यायला काही लागत नाही.

तिसरं काम: पॉलिसी काढून वाचा, खास करून बारीक अक्षर

पॉलिसीचे मोठे दोन भाग. एक बोटीचं स्वतःचं नुकसान, म्हणजे हल (बोटीचा सांगाडा) आणि इंजिन. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. पुष्कळ जण पहिला भाग घासाघीस करून घेतात आणि दुसऱ्याचा आकडासुद्धा बघत नाहीत. मला विचाराल तर उलट करा. बोट गेली तर बोटीएवढंच जाईल, माणूस जायबंदी झाला तर त्याला वरची रेघ नाही.

थर्ड पार्टीचा आकडा बघताना तो माणशी आहे की एका अपघातासाठी मिळून आहे ते बघा. मिळून असेल तर सहा जण जखमी झाले की तोच आकडा सहांत वाटायचा, शिवाय वकिलाचा खर्च त्यातूनच जाणार की वेगळा मिळणार तेही विचारा. घराच्या किंवा गाडीच्या पॉलिसीत बोट आपोआप येईल अशी आशा ठेवू नका, आली तरी लहान इंजिनापुरतीच वगैरे अटी असतात.

मग बोटीवरचे पाहुणे थर्ड पार्टीत धरलेत का? बऱ्याच पॉलिसीत धरलेले असतात, पण घरचे लोक वगळलेले असू शकतात, म्हणजे मित्राला मिळेल आणि सख्ख्या भावाला नाही. वैद्यकीय खर्चाचं किंवा अपघाती विम्याचं जोड कव्हर असेल तर ते जरूर घ्या. त्यात चूक कोणाची हे न बघता उपचाराचा ठरावीक खर्च मिळतो, आणि मैत्री टिकवायला याच्याइतकी उपयोगी दुसरी ओळ पॉलिसीत नाही.

अटींचं पान उघडलं की एकेक शोधायचं: चालवणारे नावानिशी लिहिलेत की मालकाच्या परवानगीने कोणीही चालतो, कुठल्या पाण्यापर्यंत जायची मुभा आहे, किनाऱ्यापासून किती मैल, वर्षातले कुठले महिने बोट बाहेर काढायची नाही, रात्री चालवायला बंदी आहे का, किती माणसं. मागे दोरी बांधून रबरी ट्यूब किंवा स्की ओढत असाल तर ते खास बघा, ते बरेचदा वगळलेलं असतं किंवा जादा प्रीमियम घेऊन मिळतं, आणि मित्र आले की तेच हवं असतं. शर्यत वगळलेली असते. छोटी डिंगी यादीत आहे का तेही बघा, कारण नांगर टाकल्यावर लोकांना किनाऱ्यावर नेतो ती डिंगी, पडतात लोक तिच्यातून.

बुडालेली बोट बाहेर काढण्याचा खर्च कव्हरमध्ये आहे का? मोठ्या जहाजांसाठी, ३०० टन आणि वर, २००७ च्या नैरोबी कराराने याचा इन्शुरन्स सक्तीचा आहे. आपल्या बोटीला ती सक्ती लागत नाही, पण वाटेत बुडालेली बोट काढ असा हुकूम बंदराचं खातं लहान मालकालाही देतंच, आणि क्रेन, पाणबुडे, सांडलेलं तेल असा तो खर्च कधी कधी बोटीच्या किमतीवर जातो. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी घेतलीत तरी ही ओळ असू द्या.

सक्तीचं म्हणाल तर इटली, स्पेनमध्ये इंजिनाच्या हौशी बोटींना थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने लागतो, ब्रिटनमध्ये समुद्रावरच्या खाजगी बोटीला तशी सक्ती नाही पण मरीनावाले कागद मागतात. सक्ती नाही म्हणजे गरज नाही असं मात्र धरू नका.

आणि खरं ते सांगा. सागरी विम्याचा पाया ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यात घातलाय, भारताचा १९६३ चा कायदाही त्याच वळणाचा, आणि दोन्हींत गाभ्याला आहे तो परम सद्भाव, म्हणजे दोन्ही बाजूंनी काही लपवायचं नाही. इंजिन बदलून जास्त हॉर्सपॉवरचं टाकलं आणि कळवलं नाही, बोट दुसऱ्या जागी ठेवायला लागलो आणि कळवलं नाही, तर हप्ते वेळेवर भरूनही क्लेमला घोडं अडतं.

चौथं काम: फोनवर नाही, लेखी विचारा

एजंट फोनवर "हो हो सगळं कव्हर आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नसेलही, पण त्याचं बोलणं नंतर हातात उरत नाही. एक ईमेल टाका: मी वर्षातून इतक्या वेळा मित्रांना नेतो, इतकी माणसं असतात, इंधन वाटून घेतो, कधी कधी माझा अमुक मित्र चालवतो, ट्यूब ओढतो, हे चालतं का. उत्तर आलं की प्रिंट काढून पॉलिसीला जोडून ठेवा. मला हे पत्र लिहायला वीस मिनिटं लागली होती आणि उत्तरात कळलं की मी सोडून दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव आधी द्यावं लागतं. मी दोन वर्षं न देता सुकाणू देत होतो.

पाचवं काम: निघायच्या दिवशी

माणसं मोजा. बऱ्याच लहान बोटींवर बनवणाऱ्याची पाटी असते, किती माणसं, किती किलो. दोन्हींपैकी जे आधी भरेल तिथे थांबायचं. "अजून एक बसेल रे" हे वाक्य तुमच्या पॉलिसीच्या विरोधात जाणारा पुरावा आहे, त्या एकाला धक्क्यावर ठेवून दुसरी फेरी करा.

लाईफ जॅकेट बोटीत असणं आणि अंगावर असणं यात फार फरक आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या अहवालांत वर्षानुवर्षं तेच दिसतं, हौशी बोटींच्या अपघातात मेलेल्यांपैकी साधारण चारातले तीन बुडून, आणि बुडालेल्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. जॅकेटवर न्यूटनचा, म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचा, आकडा असतो, ५०, १००, १५० किंवा २७५. पन्नासवालं पोहता येणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्याची हमी त्यात नाही. लहान मुलाला मोठ्याचं घातलं तर पाण्यात पडल्यावर मूल खालून निसटतं, म्हणून पायातून जाणारा पट्टा लावून, खांद्याला धरून वर ओढून बघायचं, जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते त्या मुलाचं नाही.

मग निघण्याआधी पाच मिनिटं बोलायचं. मी इंजिन चालू करत नाही तोवर, कारण एकदा आवाज सुरू झाला की कोणी ऐकत नाही. माझं बोलणं साधारण असं असतं: मी सांगेपर्यंत कोणी उठायचं नाही, धक्का आला तरी दोर माझ्या हातात, कोणीही उडी मारायची नाही, बोट आणि धक्का यांच्या मधे हात-पाय घालून बोट थांबवायची नाही, ती शेकडो किलोंची आहे. वेगात असताना पुढच्या टोकाला बसायचं नाही, लाटेवर बोट आपटली की तिथे बसलेल्याच्या मणक्याला फ्रॅक्चर होतं, सीटवर बसल्याबसल्या. पोहायला उतरायचं तर इंजिन पूर्ण बंद झाल्यावर. न्यूट्रलवर ठेवलेलं इंजिन म्हणजे बंद नाही, एका धक्क्याने गिअर पडतो आणि खाली पंखा असतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसायचं किंवा लटकायचं नाही, तिथे कार्बन मोनॉक्साईड साचतो, वास येत नाही, माणूस गुंगीत पाण्यात घसरतो.

किल कॉर्ड म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी लाल गुंडाळीची दोरी, ती मी पायाला अडकवतो. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना हे कायद्याने करावं लागतं, तुमच्याकडे कायदा नसला तरी करा. शिवाय एका मित्राला इंजिन बंद कसं करायचं आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनेलवर, बोलायचं कसं हे दाखवून ठेवा, कारण पाण्यात पडलेला माणूस तांडेलच असेल तर बाकीचे काय करणार. पिऊन चालवायचं नाही हे वेगळं सांगायला नको. कुठे जातोय आणि कधी येणार हे किनाऱ्यावर एकाला कळवून निघा. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या प्रकरणात नियम ३४ आहे, फेरीचं नियोजन, तो लहान बोटींसाठीही धरला जातो, आणि हवामान न बघता गेलात हे नंतर तुमच्या अंगावर येऊ शकतं.

हे सगळं एका वहीत लिहा. तारीख, माणसं, हवामान, सूचना दिल्या, कोणी चालवलं. दोन ओळी पुरतात.

सही करून घेतलेल्या कागदाबद्दल

"माझ्या जोखमीवर येतोय" अशी सही घेतली की सुटलो असं वाटतं. अनेक ठिकाणी निष्काळजीपणामुळे झालेल्या दुखापतीपुढे असा कागद टिकत नाही, लहान मुलांच्या वतीने केलेली सही तर आणखीनच लंगडी. एवढ्यावर थांबतो, सहीपेक्षा ती पाच मिनिटं जास्त कामाची.

शेवटचं काम: काही झालंच तर

आधी माणूस. जीव धोक्यात असेल तर मेडे, म्हणजे रेडिओवर संकटाची हाक, द्या, लाजू नका. दुसऱ्याला धडक बसली असेल तर थांबून मदत करणं बंधनकारक आहे. कोणी बोट ओढायला आलं तर दोर घेण्याआधी विचारा, नुसतं टोइंग (ओढून नेणं) की सॅल्व्हेज (धोक्यातून बोट वाचवणं), कारण १९८९ च्या सॅल्व्हेज करारानुसार धोक्यातून वाचवलेल्या मालमत्तेवर बक्षीस मागता येतं. वाचवलेल्या माणसांकडून मात्र तसे पैसे मागता येत नाहीत, म्हणून माणसं उतरवताना कधी विचार करायचा नाही.

मग फोटो, वेळ, साक्षीदारांचे नंबर. सरकारी खात्याला कळवायची मुदत असते, अमेरिकेत मृत्यू किंवा प्रथमोपचारावर न भागणारी जखम असेल तर ४८ तास. आणि इन्शुरन्स कंपनीला लगेच कळवा, मित्र "जाऊ दे रे" म्हणाला तरी. सगळा खर्च मी देतो असं लिहून देऊ नका, कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली की ती हात वर करू शकते. दवाखान्यात मात्र जा, डबा न्या, त्याच्या घरच्यांजवळ बसा, त्याने कुठलीही अट मोडत नाही.

माझं इथेच चुकलं. मित्र म्हणाला तुझ्यावर कसला क्लेम करायचा, आणि मी गप्प बसलो, चार महिने. त्याची सुट्टी बिनपगारी झाली तेव्हा त्याच्या बायकोने वकिलाला विचारलं आणि मला नोटीस आली, आणि खरं सांगतो, ती वाचून मी दुखावलो. मग एका जुन्या बोटवाल्याने समजावलं की थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये कंपनी पैसे देते ते दुखापत झालेल्याने तुमच्याकडे मागितल्यावर, त्याने मागितलंच नाही तर ती कशाचे देणार. नोटीस म्हणजे भांडण नव्हतं, ती कंपनीचं दार वाजवायची रीत होती. कंपनीने उशिरा कळवल्याबद्दल बरीच पत्रं पाठवली, वहीतली त्या दिवसाची नोंद मागितली, ती माझ्याकडे नव्हती, शेवटी सात महिन्यांनी पैसे मिळाले, मागितले होते त्यापेक्षा कमी. आता कोणीही नवीन बोटीत येतं तेव्हा मी धक्क्यावरच सांगतो की काही लागलं तर माझ्याकडे इन्शुरन्स आहे, तू मागायचं, मला वाईट वाटणार नाही. तो मित्र अजून येतो. धक्का जवळ आला की दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो आणि मी दोर बांधून "उतर" म्हणेपर्यंत उठत नाही.